माशांच्या पेटीला दिवा कोणता लावावा?

आमची पुतणी कोयनानगरला दिली आहे. घरापासून हाकेच्या अंतरावर धरण. त्याच शिवाजीसागराचे पाणी बोगद्यांतून घाटाखाली पोफळीला जाते, तिथे वीज तयार होते. कोयना प्रकल्पाची सगळी वीजघरे मिळून क्षमता सुमारे १,९६० मेगावॅट आहे, असे पुतणीचा मुलगा तोंडपाठ सांगतो. पण याच घरात दोन फुटांच्या एका काचपेटीला किती उजेड द्यायचा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. मलाही नव्हते. त्या अज्ञानापायी पोराचे सात मासे गेले, आणि पोर माझ्याशी दोन दिवस बोलले नाही. तेव्हा ही हकीकत सांगायचा अधिकार मला आहे, असे मी समजतो.

दिवाळीच्या सुटीत पेटी आली. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. तळाला नदीची धुतलेली वाळू, मध्ये दोन दगड, आणि पाण्यात वाढणारी चार प्रकारची झाडे. मासे गप्पी. डासांच्या अळ्या खायला आरोग्य खाते हौदात सोडते, तेच हे मासे. फक्त शेपट्या रंगीत. पेटी कुठे ठेवायची यावर फार चर्चा झाली नाही. झाडाला ऊन लागते, हे शेतकऱ्याला कोणी शिकवायला नको! पूर्वेच्या खिडकीत पेटी गेली.

थंडी बरी गेली. शिमग्याच्या सुमारास काचेवर हिरवी बुरशी दिसू लागली. पुतणी दर आठवड्याला काच पुसायची, चार दिवसांत पुन्हा जैसे थे. चैत्रात तर पाणीच हिरवे झाले, गुरांच्या जुन्या हौदासारखे. आत मासे आहेत की नाहीत, हे खाणे टाकल्यावरच कळायचे.

मग पाऊस आला. कोयनानगरचा पाऊस ज्याने पाहिला नाही त्याला सांगून कळायचे नाही. बहुतेक वर्षी चार-पाच हजार मिलिमीटर पडतो. जूनच्या मध्याला ढग एकदा डोंगरावरून खाली उतरले की घरात दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. खिडकीतली पेटी आता अंधारात गेली. पाणी निवळले खरे, पण झाडांची खालची पाने गळून कुजू लागली, शेंडे बारीक लांबट होऊन पृष्ठभागाकडे धावू लागले. तूर दाटीत सापडली की कशी उंच आणि पोकळ वाढते, तसे.

“आबा, ह्यास्नी ऊन न्हाय, म्हणून ही मरत्यात,” पोरगा म्हणाला. त्याचे निदान बरोबर होते. औषध मी चुकीचे आणले.

माझा पराक्रम

बाजाराच्या दिवशी एका विजेच्या दुकानात मी दिवा मागितला. दुकानदाराने विचारले, “किती वॅटचा?” मी म्हणालो, “चांगला मोठा द्या.” त्याने अंगणात, खळ्यावर लावतात तो ५० वॅटचा एलईडीचा झोतदिवा काढून दिला. दोष त्याचा नाही. मी झाडाला हवा तेवढा दिवा मागितलाच नव्हता, मोठा दिवा मागितला होता. पेटीवर तो टांगला. पहाटे उठल्यावर लावायचा आणि रात्री निजताना बंद करायचा. म्हणजे चौदा-पंधरा तास. पाणी कसे लखलखत होते! शेजारपाजारची पोरे बघायला आली.

आठवड्यात पाणी पुन्हा हिरवे. बाराव्या दिवशी पहाटे पोरगा ओरडला. सगळे मासे तोंड वर काढून पाण्याच्या अगदी वरच्या थरात आ वासून होते. त्यातले सात सकाळपर्यंत उलटे झाले.

ज्यांनी शेततळ्यात मासे सोडले आहेत, त्यांच्या लक्षात आता आले असेल. शेणखत जास्त झाले, पाणी दाट हिरवे झाले, आणि ढगाळ दिवसांनंतर पहाटे मासे वर येऊन गुदमरले, हा अनुभव पुष्कळांना आहे. कारण एकच. हिरवी झाडे आणि पाण्यातले बारीक शेवाळ दिवसा उजेडात प्राणवायू सोडतात. रात्री मात्र तीही आपल्यासारखाच श्वास घेतात, प्राणवायू वापरतात. शेवाळ दाट असले की पहाटेपर्यंत पाण्यातला प्राणवायू संपत येतो. मेले ते मासे उजेडाने मेले नाहीत, उजेडावर माजलेल्या शेवाळाने मेले.

दिवा म्हणजे खत

शाळेतला तो प्रयोग आठवा. चंचुपात्रात पाणी, त्यात हायड्रिलाच्या काड्या, वर उलटे नरसाळे आणि पाण्याने भरलेली परीक्षानळी. उन्हात ठेवले की काड्यांतून बुडबुडे सुटतात आणि नळीत वायू जमतो. सावलीत नेले की बुडबुडे मंदावतात. पाण्यातली हिरवी पाने उन्हात बुडबुडे सोडतात आणि अंधारात थांबतात, हे इंगेनहूझ नावाच्या डच डॉक्टरने १७७९ साली दाखवून दिले. पुढे १८५० साली लंडनच्या वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने काचेच्या भांड्यात सोनमासे, गोगलगायी आणि व्हॅलिस्नेरिया नावाचे पाणवनस्पतीचे झाड एकत्र ठेवून पाहिले. माशाची घाण झाडाला, झाडाचा प्राणवायू माशाला, कुजके पान गोगलगायीला. हा संसार पाणी न बदलता चालतो, हे त्याने सांगितले, आणि तिथून घराघरांत काचपेट्या गेल्या. फितीसारख्या लांब पानांची ती व्हॅलिस्नेरिया आपल्या नद्यांतही असते.

या संसाराला बाहेरून एकच गोष्ट लागते, ती म्हणजे उजेड. म्हणून पेटीवरचा दिवा शोभेचा समजू नये. तो झाडांचे खाणे आहे. आणि खाण्याच्या बाबतीत जो हिशेब आपण उसाला लावतो तोच इथे लागतो. युरिया दुप्पट टाकला म्हणून ऊस दुप्पट येत नाही. पिकाला जे सगळ्यात कमी पडते, त्यावर वाढ अडते. उरलेले तणाच्या घशात जाते. पेटीतले तण म्हणजे शेवाळ. झाडाला पाण्यातला कार्बन वायू आणि क्षार जेवढे मिळतात तेवढाच उजेड त्याला पचतो. त्यापलीकडचा सगळा उजेड शेवाळाच्या नावावर जमा होतो. ५० वॅटच्या दिव्याने मी नेमके तेच केले.

वॅट नव्हे, ल्युमेन

पूर्वी हिशेब वॅटचा होता. चार फुटी ट्यूब ४० वॅटची, वर चोक दहा-बारा वॅट खायचा. सगळ्या ट्यूब साधारण सारख्याच उजेड द्यायच्या, म्हणून वॅट सांगितले की काम भागे. एलईडी आल्यापासून ते माप निकामी झाले, कारण वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो ते, किती उजेड देतो ते नव्हे. उजेडाचे माप ल्युमेन. दिव्याच्या खोक्यावर ते छापलेले असते. वाचायची सवय मात्र आपल्याला नाही.

आता पेटीचे पाणी मोजू. दोन बाय एक बाय एक फुटाची पेटी काठोकाठ भरली तर सुमारे ५५ लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की ४५ ते ५० लिटर. हौशी लोकांचा ठोकताळा असा: सावलीत तग धरणाऱ्या झाडांना लिटरमागे १० ते २० ल्युमेन पुरतात. मध्यम झाडांना २० ते ४०. त्याहून जास्त उजेड मागणारी झाडे असतात, पण त्यांना नळीने कार्बन वायू सोडावा लागतो, खते मोजून घालावी लागतात. तो उद्योग शेतकऱ्याच्या घरात कोण करणार? पहिल्या पेटीला तरी त्या वाटेला जाऊ नये.

२०१५ पासून सरकारी योजनेत स्वस्तात मिळालेला ९ वॅटचा एलईडी बल्ब घराघरांत आहे. तो साधारण ८०० ते ९०० ल्युमेन देतो. म्हणजे आमच्या पेटीला लिटरमागे १७-१८ ल्युमेन झाले. घरातच होता, आणि मी बाजारात गेलो! माझा झोतदिवा साडेचार-पाच हजार ल्युमेनचा होता, म्हणजे लिटरमागे शंभर. पाचपट खत.

बल्बची एक अडचण आहे. उजेड मधे पडतो, कोपरे काळोखे राहतात, आणि काही उजेड बाजूला वाया जातो. वर पांढऱ्या रंगाने रंगवलेली पत्र्याची टोपी लावली तर पुष्कळ फरक पडतो. त्याहून बरी ती दोन फुटी, १० वॅटची एलईडी पट्टी. भिंतीवर लावतात तीच. हजार ल्युमेनच्या आसपास देते आणि पेटीच्या लांबीभर सारखी पडते. आम्ही शेवटी तीच लावली. दिवसाला आठ तास धरले तर महिन्याला अडीच युनिटांच्या आत. झोतदिवा माझ्या पद्धतीने महिनाभर चालला असता तर वीस युनिटांच्या वर गेला असता.

खरे पाहता ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे. डोळ्याला हिरवट पिवळा उजेड जास्त जाणवतो, झाड तांबडा आणि निळा जास्त वापरते. झाडाच्या उपयोगाचा उजेड मोजणारी यंत्रे असतात, पण ती दिव्यापेक्षा कितीतरी महाग. आपल्याला पांढऱ्या दिव्यापुरता ल्युमेनचा ठोकताळा पुरे.

पांढऱ्यातही प्रकार आहेत. खोक्यावर ६५०० के असा आकडा किंवा ‘कूल डेलाइट’ असे शब्द असतील तर तो दिवा दुपारच्या उजेडासारखा पांढरा. पेटीला हाच घ्यावा. २७०० किंवा ३००० के म्हणजे पिवळसर, जुन्या बल्बसारखा. झाडे त्याच्यावरही जगतात, पण पाणी चहासारखे दिसते. दुकानात निळे, जांभळे चमकणारे दिवे दाखवतात. नुसता निळा दिवा माशाच्या अंगावर झकास दिसतो, पण झाडाचे पोट त्याच्यावर भरेल असे धरू नये. पाहुणे आले की पाच मिनिटे लावायला हरकत नाही.

किती वेळ?

माझ्या मते दिव्याच्या निवडीपेक्षा हा प्रश्न मोठा आहे. चांगला दिवा पंधरा तास ठेवला तर तोही वाईटच. नव्या पेटीला पहिले तीन-चार आठवडे सहा तास, झाडांनी मूळ धरले की आठ. दहाच्या वर कधीच नाही. माशालाही रात्र लागते.

हे तास दिवसातले कोणतेही चालतात, फक्त रोज तेच हवेत. पुतणीने दुपारी दोन ते रात्री दहा ठरवले, म्हणजे पोरगा शाळेतून आल्यावर पेटी उजळलेली दिसते. चकतीचे टायमर मिळतात, पण वीज गेली की त्यांची चकतीही थांबते. दोन तास भारनियमन झाले की ते दोन तास मागे पडतात. पावसाळ्यात वादळाने वीज वरचेवर जाणाऱ्या गावात आठवडाभरात त्याची दुपार मध्यरात्री होते. आत छोटी बॅटरी असलेला आकड्यांचा टायमर घ्यावा, नाहीतर घरातल्या एकाने बटणाची जबाबदारी उचलावी. वीज गेली म्हणून बुडालेले तास रात्री भरून काढू नयेत. एक दिवस उजेड कमी मिळाला तर झाड काही मरत नाही.

पेटी मात्र खिडकीतून काढा. ऊन वाईट नव्हे, त्याच्यावर आपला ताबा नसतो म्हणून. कोयनेसारख्या ठिकाणी तर एप्रिलमध्ये भडका आणि जुलैमध्ये अंधार. आतल्या भिंतीशी ठेवली आणि एक बेताचा दिवा लावला की बाराही महिने सारखा हंगाम.

झाड बघून दिवा

आधी झाड ठरवावे आणि मग दिवा, असे जाणकार सांगतात. आमचे उलटे झाले. नव्याने झाडे आणताना मात्र आम्ही शहाणे झालो होतो. जावा फर्न आणि अनुबियास ही दोन कमी उजेडात निवांत जगतात. त्यांची आले-हळदीसारखी आडवी खोडे वाळूत पुरायची नाहीत, कुजतात. दोऱ्याने दगडाला बांधायची. क्रिप्टोकोरीन लावल्यावर पहिल्या आठवड्यात बहुतेक पाने झडतात आणि नवखा माणूस उपटून टाकतो. थांबावे, मुळातून पुन्हा फुटते. व्हॅलिस्नेरिया आणि हायड्रिला बेताच्या उजेडात भराभर वाढून शेवाळाचे खाणे पळवतात. लालचुटूक रोटाला आणि जमिनीवर हरळीसारखी पसरणारी झाडे चित्रात सुंदर दिसतात. ती जास्त उजेडवाली. लाल पान साध्या दिव्याखाली हिरवे पडते, मग लोक दिवा वाढवतात, आणि माझ्यासारखे होतात.

दिवा बरोबर बसला की नाही, हे झाडच सांगते. दोन पानांमधले पेर लांबले, खालची पाने गळली तर उजेड कमी. काचेवर रोज हिरवे साचते, पानांच्या कडांना केसांसारखे शेवाळ धरते तर जास्त. आधी तासभर कमी करावा, मग दिवा चार बोटे वर घ्यावा. नव्या पेटीत पहिल्या महिन्यात तपकिरी थर धरतो, त्याचा दोष दिव्याला देऊ नये. तो पुसला की बहुधा आपोआप थांबतो. आणि दिवा वाढवायच्या आधी पेटीवरची झाकणाची काच पुसून पाहावी! जड पाण्याचे पांढरे डाग आणि धूळ मिळून बराच उजेड वरच अडवतात.

पाणी हिरवे झालेच तर औषधे ओतू नका. आम्ही निम्मे पाणी बदलले, दिवा बंद केला, पेटीवर गोधडी टाकली आणि हवेचा पंप रात्रंदिवस चालू ठेवून चार दिवस अंधार केला. खाणे अगदी नावाला. पाचव्या दिवशी पाण्यातून पलीकडची भिंत दिसली. झाडांना चार दिवसांचा उपास सोसतो, बारीक शेवाळाला सोसत नाही. नंतर पुन्हा थोडे पाणी बदलले, कारण मेलेले शेवाळ आतच कुजते.

पाणी आणि वीज

हे लहान पोरांच्या घरात विशेष सांगतो. दिवा पाण्यावर उघडा टांगू नये, मधे काचेचे झाकण हवे. साध्या पट्टीची टोके बंद नसतात, वाफ आत जाते. वायर सॉकेटकडे सरळ वरून न आणता आधी सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर घ्यावी, म्हणजे ओघळलेले पाणी झोळाच्या टोकाला खाली टपकते, सॉकेटमध्ये शिरत नाही. पेटीत हात घालण्याआधी बटण नव्हे, प्लगच काढावा. घराला ३० मिलिअँपिअरचा गळतीरोधक स्विच असेल तर उत्तम, नसेल तर पेटीच्या निमित्ताने वायरमनकडून बसवून घ्या. पावसाळ्यात ओल्या भिंतींच्या घरात तो एरवीही लागतोच.

कोयनेच्या माणसाला आणखी एक काळजी असते. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप ज्यांनी पाहिला, ती पिढी आता थकली, पण लहान धक्के तिथे अजूनही लोकांच्या ओळखीचे आहेत. भरलेली दोन फुटी पेटी वाळू-दगडासकट सत्तर-ऐंशी किलोच्या घरात जाते. ती लोखंडी स्टँडवर, भिंतीला पट्टीने जखडलेली हवी, अंथरुणाच्या उशाशी मुळीच नको. दिवा नुसता काचेवर ठेवू नये. तो भिंतीला स्क्रूने आवळावा, म्हणजे हादरला तरी पाण्यात पडणार नाही.

झाडे आणायची तर विकत आणा, किंवा ज्याच्या पेटीत जास्त झाली आहेत त्याच्याकडून मागून घ्या. कोयना अभयारण्यातून काही उपटून आणणे हा गुन्हा आहे. आणि आपल्या सड्यांवर अशी पाणझाडे आहेत जी दुसरीकडे कुठेच नाहीत. साताऱ्याच्या नावाचे अपोनोजेटॉन सातारेन्सिस हे त्यातले एक; १९८२ साली त्याची शास्त्रीय नोंद झाली. पावसाळ्यात सड्यावरच्या उथळ डबक्यात ते फुलते. ते तिथेच बघावे.

तसेच पेटीतला छाटलेला पाला आणि नको झालेले मासे ओढ्यात टाकू नयेत. जलपर्णीने नद्यांचे काय केले, ते आपण पाहतोच आहोत. पाला उन्हात वाळवून उकिरड्यावर टाका, चांगले खत होते. पुतणी तो गुलाबाच्या बुडाशी घालते.

पोरगा आता बोलतो. उरलेल्या पाच गप्पींची चाळीस झाली आहेत, आणि तो वर्गातल्या पोरांना बरणीतून वाटतो. जाताना प्रत्येकाला बजावतो म्हणे, “आमच्या आबांसारखा दिवा लावू नगंस.” दसऱ्याला गेलो की क्रिप्टोकोरीनचे एक रोप आणणार आहे. झोतदिवा सध्या आमच्या गोठ्यात आहे, म्हशीची त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.